ऋतुजाच्या नावाची नळी

माणूस कुणाचा हेवा करील याला काही धरबंध नाही. शेजारणीच्या सुनेचा करतो, वर्गमैत्रिणीच्या नवऱ्याचा करतो, फार झालं तर मेलेल्या सवतीचाही करतो. पण स्वतःच्याच रक्ताचा हेवा करणारी बाई मिरजेत एकच निघाली, ती म्हणजे वैजयंता परीट.

मिरज पहिल्यापासून दवाखान्यांचं गाव. आता तर जिल्ह्यातल्या साठ इस्पितळांच्या चादरी, अभ्रे आणि शस्त्रक्रियेचे हिरवे कपडे गावाबाहेरच्या एकाच धुलाई केंद्रात यायचे. केंद्राच्या मधोमध एक भिंत, आणि त्या भिंतीतच बसवलेली बारा दांडगी यंत्रं. प्रत्येक यंत्राला दोन दारं. अलीकडून मळके कपडे टाकायचे, धुऊन निघाले की पलीकडून कोरे काढायचे. मळक्या बाजूच्या माणसाला कोऱ्या बाजूला पाऊल टाकायचं तर अंघोळ करूनच. कोऱ्या बाजूला इस्त्री, घड्या आणि रेडिओ. खरं काम मळक्या बाजूला.

तिथे निवडीच्या टेबलावर वैजयंताची बावीस वर्षं गेली. चादर यंत्रात जाण्याआधी उलगडून बघावी लागते. तिच्यात सुया निघतात, कात्र्या निघतात, एकदा तर कुणाची कवळी निघाली होती. पण वैजयंताची खरी कमाई होती तिचं नाक. ‘निळी’ असलेली चादर ती वासावरून सांगायची.

निळी म्हणजे जखमेत निळसर-हिरवा पू धरवणारा जंतू. तसा जुनाच. पण गेल्या काही वर्षांत तो असा काही बदलला की एकही औषध त्याला लागू पडेना, आणि धडधाकट माणसाच्याही फुप्फुसात तो शिरायला लागला. चादर झटकली की तो हवेत उडणार आणि श्वासाबरोबर आत जाणार. दोन वर्षांत केंद्रातली चार माणसं त्याने नेली. तेव्हापासून मळक्या बाजूला सगळ्यांच्या डोक्यावर हवेची टोपी आली. कमरेला पंखा, पाठीवरून नळी आणि तोंडापुढे काचेचं झाकण. आत गाळलेली हवा खेळायची, पण उन्हाळ्यात डोकं शिजून निघायचं. शिवाय टोपीतून वास कसला येणार? म्हणून वैजयंता कुणाचं लक्ष नाही असं बघून झाकण बोटभर उचलायची आणि हुंगायची. पिकून उतरलेल्या द्राक्षांसारखा गोडसर वास आला की तो गठ्ठा बाजूला, वेगळ्या कढत धुलाईला. बावीस वर्षांत तिला साधा खोकला झाला नव्हता.

तीन वर्षांपूर्वी तिने आपल्या धाकट्या जावेला, ऋतुजाला, केंद्रात लावून घेतलं. पोरगी चटपटीत, बोलकी, चार माणसांत उठून दिसणारी. काम वैजयंतानेच शिकवलं. दोघींचं बरं चाललं होतं, खोटं कशाला बोला.

मग केंद्रात डॉ. नफीसा शिकलगार आल्या. कामामुळे माणसाला कोणते आजार जडतात हा त्यांचा विषय. त्यांनी एक यंत्र आणलं, आणि उपाहारगृहात सगळ्यांना बसवून ते समजावून सांगितलं. आपल्या रक्तात काही पेशी असतात, त्यांना झालेली प्रत्येक लढाई आठवते. एकदा जो जंतू परतवला, तो वीस वर्षांनी पुन्हा आला तरी त्या ओळखतात आणि त्याला मारणारी प्रथिनं भराभर तयार करतात. त्या प्रथिनांना प्रतिपिंडं म्हणायचं. हे यंत्र काचेच्या पट्टीवर चारशे जंतूंच्या कवचाचे तुकडे मांडतं, त्यावर आपलं रक्त सोडतं, आणि अठ्ठेचाळीस तास वाट बघतं. कोणत्या तुकड्यापाशी किती पेशी जाग्या झाल्या यावरून शंभरापैकी आकडा देतं. निळीसाठी ऐंशीच्या वर आकडा आला की ते माणूस ‘कवचधारी’. त्याला निळीपासून भय नाही.

रक्त द्यायच्या दिवशी ऋतुजा आलीच नव्हती. तिचा ओजस पहिल्यांदा शाळेत जात होता आणि फाटकाला धरून रडत बसला होता. केंद्रात प्रत्येकीच्या नावाचा मनगटी पट्टा असतो. कपडे बदलायच्या खोलीत ते पट्टे खिळ्यांना टांगलेले असतात आणि जी आधी येईल ती आपल्या माणसाचाही पट्टा हजेरीच्या काचेला लावून टाकते. कुणाला यात काही गैर वाटत नाही, ती तिथली रीतच आहे. वैजयंतानेही सवयीने दोन्ही पट्टे लावले. मग तिच्या लक्षात आलं की आज जितके पट्टे हजर तितक्या रक्ताच्या नळ्या मोजून घेणार. ऋतुजाच्या नावाची नळी कमी भरली की दोघींची हजेरी उघडी पडणार.

तिने काय करावं? आपल्या पट्ट्यावर डाव्या हाताचं रक्त दिलं. तासाभराने दुसऱ्या टेबलावर दुसरी मुलगी बसलेली बघून ऋतुजाच्या पट्ट्यावर उजव्या हाताचं दिलं. टोपीआड चेहरा कोण बघतो? पट्टा वाचला, नळीला चिठ्ठी चिकटली, झालं. ऋतुजा दुपारी धापा टाकत आली तेव्हा वैजयंता एवढंच म्हणाली की हजेरी लागली आहे. ऋतुजाने आदल्याच आठवड्यात महिन्याच्या तपासणीचं रक्त दिलं होतं. तेच या यंत्राला गेलं असेल असं ती समजून चालली.

चार दिवसांनी फळ्यावर आकडे लागले. बहुतेकांचे वीस-तीसच्या घरात. वैजयंता परीट, ब्याण्णव. ऋतुजा परीट, एक्याण्णव.

वैजयंताला आधी हसू आलं. आपण दोनदा पास झालो, असं तिला वाटलं. पण डॉक्टरबाईंनी ऋतुजाला केबिनमध्ये बोलावलं आणि तिथून सगळं बिनसत गेलं. बावीस वर्षं काम केलेल्या बाईचा आकडा ब्याण्णव यावा यात नवल ते काय, थोडं थोडं अंगात जाऊन शरीर तयार झालं असणार. पण तीन वर्षांत एक्याण्णव? ही उपजत देणगीच म्हणायची. अशा शरीराचा अभ्यास झाला तर निळीवर लस निघू शकेल. पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला पुण्याच्या प्रयोगशाळेतले लोक येतील आणि तिचं ताजं रक्त घेऊन जातील.

केंद्राचे व्यवस्थापक आवटी यांना अशा गोष्टींचा भारी सोस. त्यांनी प्रवेशद्वाराशी ऋतुजाचा हा एवढा मोठा फोटो लावला. सासूबाईंनी गल्लीत घरोघर जाऊन सांगितलं की आमच्या धाकटीचं रक्त पुण्याला चाललंय. बावीस वर्षांत या म्हातारीने थोरलीबद्दल गल्लीत चांगला शब्द काढलेला कुणाला आठवत नाही. वैजयंता फोटोखालून रोज जायची. रक्त माझं आणि तोंड हिचं, असं मनात यायचं. बरं, सांगायचं तरी कुणाला? सांगितलं तर हजेरीची लबाडी बाहेर येणार आणि दोघींना घरी बसवणार.

त्यावर कडी झाली ती पुढच्या सोमवारी. डॉक्टरबाई मायेनेच म्हणाल्या की बावीस वर्षं फार झाली, आता फुप्फुसांना विसावा द्या, कोऱ्या बाजूला इस्त्रीवर या. आणि निवडीच्या टेबलासाठी ‘टेबलप्रमुख’ असं नवं पद निघालं, ते ऋतुजाला मिळालं. वैजयंताने बावीस वर्षं तेच काम केलं होतं, तेव्हा त्या कामाला नावसुद्धा नव्हतं. घरी ऋतुजाने पेढा पुढे केला. वैजयंताने तो घेतला, मोरीत जाऊन थुंकला आणि चूळ भरली.

तिने मनाशी ठरवलं की आपण तोंड उघडायचं नाही. वीस तारखेला पुण्याचे लोक येतील, सगळ्यांसमोर रक्त घेतील, आणि पाच नाहीतर दहा असा काहीतरी आकडा येईल. ऋतुजा तोंडावर पडेल, तेही आपोआप. आपल्याला हजेरीचं विचारलं तर यंत्र चुकलं असेल म्हणून मोकळं व्हायचं. ती कॅलेंडरवरचे दिवस मोजायला लागली.

धोका तिला कळत नव्हता असं नाही. चांगला कळत होता. ज्या बाईच्या अंगात निळीची ओळखच नाही, ती निवडीच्या टेबलावर निर्धास्त उभी आहे, हे तिला रोज इस्त्री करताना आठवायचं. पण टोपी आहे की तिच्या डोक्यावर, असं म्हणून ती तो विचार बाजूला सारायची.

तेरा तारखेला ती टोपीही गेली. आवटी साहेबांनी आदेश काढला की कवचधारींना साधी मुखपट्टी पुरे, टोपीमुळे कामाचा वेग मंदावतो. डॉक्टरबाईंनी थोडी कुरकुर करून सही केली. वैजयंताने तो कागद वाचला. आता मात्र सांगायलाच हवं, असं म्हणून ती तडक डॉक्टरबाईंच्या केबिनपाशी गेली. दार अर्धं उघडं होतं. आत ऋतुजा बसली होती आणि एक वार्ताहर तिला प्रश्न विचारत होता. निळीचा वास ओळखणारी कुणी बाई इथे आहे असं ऐकलं, ती कोण? ऋतुजा हसली आणि म्हणाली की तीच, तिला तो वास पहिल्यापासून आपोआप येतो.

वैजयंता आल्या पावली परत फिरली. रक्त गेलं, टेबल गेलं, आता नाकही गेलं. त्या दिवशी तिने कडक इस्त्रीखाली दोन अभ्रे जाळले. मर म्हणावं, असं ती स्वतःशी बोलली. हे शब्द तिच्याच तोंडचे, कुणी तिच्या नावावर खपवलेले नाहीत.

अठरा तारखेला दुपारी ती सात नंबरच्या यंत्रातून कपडे काढायला वाकली. यंत्राच्या दोन्ही दारांना जाड काचा आहेत. आतले कपडे निघाले की आरपार पलीकडचं दिसतं. निवडीचं टेबल समोरच होतं. ऋतुजाने एक चादर उचलली, मुखपट्टी हनुवटीखाली ओढली आणि चादरीत नाक खुपसलं. वैजयंता जशी मान तिरपी करायची तशीच मान तिरपी करून, डोळे मिटून, तिने पोटभर श्वास घेतला. काही कळलं नाही म्हणून पुन्हा घेतला. तिला वास येत नव्हता. आपोआप येतो असं जगाला सांगून बसल्यावर आता तो यायलाच हवा होता, आणि म्हणून ती प्रत्येक चादर छातीत भरून घेत होती.

माझी नक्कल करते मेली, हा वैजयंताच्या मनात आलेला पहिला विचार. दुसरा विचार यायला क्षणभर लागला, पण तो आला: ही निळी छातीत भरून घेते आहे. कोऱ्या बाजूने मळक्या बाजूला जायला अंघोळ लागत नाही. ती होती तशी पळत सुटली, दोन दारं ढकलून टेबलापाशी आली आणि ऋतुजाच्या हातातली चादर हिसकावून जमिनीवर फेकली.

सगळ्यांसमोर तिने सांगून टाकलं. ते रक्त तुझं नव्हतं, मी दोन्ही पट्ट्यांवर माझंच दिलं, तुला कवचबिवच काही नाही, आधी टोपी घाल. टेबलावरच्या बायका हात थांबवून ऐकत होत्या. त्यातली एक तोंडाला पदर लावून हसली. गेला महिनाभर वैजयंताचा चढलेला चेहरा सगळ्यांनी पाहिला होता. तिने थुंकलेल्या पेढ्याची गोष्टही केंद्रात कधीच पोचली होती.

ऋतुजाचे डोळे भरून आले होते. “अक्का, परवा पुण्याचे लोक यायचेत आणि तुम्हाला हे आज सुचलं,” ती म्हणाली. “तुम्हाला माझं चांगलं बघवत नाही. सगळे म्हणत होते, मीच ऐकत नव्हते.”

आवटी साहेबांनी वैजयंताला जागच्या जागी निलंबित केलं. हजेरीच्या लबाडीवर त्यांनी लगेच विश्वास ठेवला, रक्ताच्या गोष्टीवर मात्र नाही. डॉ. शिकलगारांनी मात्र ती धुडकावली नाही. त्यांनी दोघींचं रक्त तिथेच स्वतःच्या हाताने काढलं आणि यंत्रात घातलं. पण यंत्राला अठ्ठेचाळीस तास हवेत म्हणजे हवेतच, पेशींना घाई करता येत नाही. तोवर टोपी घाल, असं त्यांनी ऋतुजाला सांगून पाहिलं. ऋतुजाने मान हलवली. टोपी घातली तर अक्का म्हणतात ते खरं मानल्यासारखं होईल. सही केलेला कागद आवटींच्या हातात होता, त्यामुळे डॉक्टरबाईंचंही काही चाललं नाही.

वैजयंता दोन दिवस फाटकाबाहेर उभी राहिली. आत सोडेनात, घरी जाववेना. आत ऋतुजा कामावर होती, टोपीशिवाय, आणि आता चार बायका बघत असल्यामुळे आधीपेक्षाही जास्त जोरात हुंगत होती. हे सगळं वैजयंताला चहाला बाहेर येणाऱ्या बायकांकडून कळत होतं.

वीस तारखेला पुण्याचे लोक आले ते रिकाम्या हाताने परत गेले. ऋतुजाला सकाळपासून हुडहुडी भरली होती. दुपारी यंत्राने आकडा दिला. ऋतुजा परीट, सात. संध्याकाळपर्यंत तिला इस्पितळातल्या बंद खोलीत हलवावं लागलं. एका फुप्फुसात निळी पुरती पसरली होती आणि दुसऱ्यात शिरत होती.

औषध नव्हतंच. डॉ. शिकलगारांनी वैजयंताला समोर बसवून सरळ सांगितलं की एकच वाट आहे. तिच्या रक्तातल्या पेशींनी बावीस वर्षांत जी प्रतिपिंडं तयार केली आहेत, ती रक्तरसात तयार तरंगत असतात. रक्तरस वेगळा काढून ऋतुजाला द्यायचा. ऋतुजाच्या शरीराला ती बनवता येत नाहीत, पण आयती मिळाली तर दोन-तीन आठवडे ती लढतील, तेवढ्यात फुप्फुसं सावरली तर सावरली. गट जुळत होता. वैजयंताने दोन्ही बाह्या एकदम वर केल्या.

तीन दिवसांत तिने तीनदा रक्तरस दिला. यंत्र रक्त ओढून घ्यायचं, पिवळसर पाणी बाजूला काढायचं आणि लाल भाग परत तिच्या अंगात सोडायचं. तिथे पडल्या पडल्याही हेव्याने तिची पाठ सोडली नव्हती, हेही सांगायला हवं. आता हिला खरोखरचं माझं रक्त चाललंय, असं तिच्या मनात आलं, आणि त्या विचाराची तिला इतकी शिसारी आली की तिने परिचारिकेला भांडं मागितलं.

चौथ्या दिवशी ऋतुजाचा ताप उतरला.

मग सगळं उलटं फिरलं. आवटी साहेब फळांची करंडी घेऊन आले, निलंबन मागे घेतलं म्हणाले. सासूबाई गल्लीत सांगत सुटल्या की थोरलीने धाकटीला मरणाच्या दारातून परत आणलं. पुण्याच्या लोकांना आता वैजयंताचं रक्त हवं होतं. डॉ. शिकलगारांनी अहवाल लिहिला. त्यात पट्टा वाचला आणि माणूस पाहिलं नाही, ही आपली चूक त्यांनी पहिल्या ओळीत कबूल केली. पुढे लिहिलं की ऋतुजा परीट यांना कवच नाही हे अठरा तारखेला वैजयंता परीट यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी नोकरीची पर्वा न करता तत्काळ कळवलं. अहवाल वाचून दाखवून त्यांनी वैजयंताचा हात हातात घेतला. तुम्ही वेळेवर बोललात म्हणून, असं त्या म्हणाल्या. वैजयंताने मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

महिनाभर ज्याच्यासाठी जीव जळला ते सगळं आता तिच्या पदरात होतं. कुणी एक प्रश्न विचारला नाही की झालं.

सहाव्या दिवशी दुपारी तिला आत जायची परवानगी मिळाली. तोंडाला पट्टी बांधून ती खाटेशेजारच्या स्टुलावर बसली. ऋतुजाच्या उजव्या हाताला सुई होती आणि वरच्या पिशवीतून शेवटचा रक्तरस उतरत होता. पोरीचा चेहरा मुठीएवढा झाला होता. तिने ओजसची चौकशी केली, तो जेवतो का विचारलं. मग तिने वैजयंताचा हात धरला. तिला माफी मागायची आहे, हे वैजयंताला कळत होतं.

“अक्का,” ती अखेर म्हणाली, “मला कवच नाही हे तुमच्या कधी ध्यानात आलं?”

उत्तर अहवालात होतं. अठरा तारीख म्हटलं की काम झालं असतं. डॉक्टरबाईंनी लिहिलं होतं, आवटींनी सही केली होती, सासूबाईंनी गल्लीत सांगून टाकलं होतं. ऋतुजालाही तेच ऐकायचं होतं, तिच्या डोळ्यांत ते दिसत होतं.

“पहिल्या दिवशी,” वैजयंता म्हणाली. “आकडे लागले त्याच दिवशी.”

ऋतुजाने तिच्याकडे मान वळवली. “टोपी काढली तेव्हाही?”

“तेव्हाही.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुझा हेवा वाटला,” वैजयंता म्हणाली. “दुसरं काही नाही.”

ऋतुजाने तिच्या हातातली बोटं सोडवून घेतली. मग हळूहळू, धाप लागत असतानाही, तिने भिंतीकडे तोंड केलं. सुई लावलेला हात तेवढा तिला वळवता येईना. तो वैजयंताच्या पुढ्यात तसाच उताणा पडून राहिला आणि पिशवीतला रक्तरस थेंब थेंब त्यात उतरत राहिला.